स्नायूंच्या शक्तीचा उगम शोधणारे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

मानवी शरीरात हाडांशी जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. घास चावणे, जिना चढणे, पाण्याने भरलेली बादली उचलणे, एवढेच नव्हे तर ताठ बसून राहणे, ही सर्व कामे या स्नायूंच्या आकुंचनातून पार पडतात. अन्नातून शरीराला शक्ती मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र खाल्लेली भाकरी थेट दंडाच्या स्नायूला हलवत नाही. त्या दोहोंच्या मध्ये काही तरी असले पाहिजे. स्नायू आकुंचन पावतो त्या क्षणी तो नेमके काय खर्च करतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकापर्यंत शरीरशास्त्रज्ञांपुढे अनुत्तरित होता.

या प्रश्नाच्या उत्तराची दिशा १९२७ ते १९२९ या काळात अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका प्रयोगशाळेत सापडली. तेथे काम करणाऱ्या दोघा संशोधकांपैकी एक होते सायरस फिस्क आणि दुसरे होते आंध्रच्या गोदावरी खोऱ्यातून आलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या आज शालेय पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जाणाऱ्या पदार्थांशी सुब्बाराव यांचे नाव जोडलेले आहे. तरीही त्यांच्या कार्याचा परिचय देशातील सर्वसामान्य वाचकाला फारसा नाही. जेथे तो आहे, तेथे बऱ्याचदा अतिशयोक्तीही आढळते. म्हणूनच त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा वस्तुनिष्ठ आढावा घेणे आवश्यक ठरते.

भीमवरम ते मद्रास

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमवरम येथे झाला. हे गाव आज आंध्र प्रदेशात आहे. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. मात्र प्रकृतीच्या कारणाने त्यांना मुदतीपूर्वीच निवृत्त व्हावे लागले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. सात भावंडांच्या या संसाराचा भार प्रामुख्याने आई वेंकम्मा यांच्यावर पडला.

बालवयात सुब्बाराव यांना अभ्यासाची विशेष ओढ नव्हती. यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा, या विचाराने ते वाराणसीला जाण्यासाठी घरातून निघून गेले होते. आईने त्यांना परत आणून पुन्हा शाळेत बसवले. मॅट्रिकच्या परीक्षेत ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असताना रामकृष्ण मिशनच्या कार्याने ते प्रभावित झाले आणि संन्यास घेण्याचा विचार त्यांच्या मनात आला. आईने त्यास संमती दिली नाही. लोकसेवाच करावयाची तर वैद्यकाच्या मार्गाने करावी, असा निर्णय झाला आणि सुब्बाराव यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च मित्रांनी आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. याच मूर्ती यांची कन्या शेषगिरी हिच्याशी १९१९ मध्ये त्यांचा विवाह झाला.

तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा पोशाख घालून जात असत. त्यामुळे शस्त्रक्रिया विषयाच्या इंग्रज प्राध्यापकांचा रोष त्यांच्यावर ओढवला. अन्य विषयांत चांगले यश मिळूनही त्यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही आणि एल.एम.एस. या कनिष्ठ प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय सेवेचे दारही उघडले नाही. अखेरीस मद्रासमधील एका आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्याचे काम त्यांनी स्वीकारले.

याच वर्षांत त्यांच्या घरावर मोठा आघात झाला होता. संग्रहणीच्या विकाराने त्यांच्या दोन भावांचा मृत्यू झाला. स्वतः सुब्बाराव यांनाही या विकाराने ग्रासले होते आणि ते थोडक्यात बचावले. आतड्यातून अन्नरस शोषला न जाता रुग्ण खंगत जातो, एवढेच त्या वेळी वैद्यकाला ठाऊक होते. त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. उष्ण कटिबंधातील रोगांचे उच्च शिक्षण घेण्याचा सुब्बाराव यांचा निश्चय या आघातामुळे अधिक दृढ झाला.

बोस्टनमधील पहिली वर्षे

काकिनाडा येथील एका धर्मादाय संस्थेचे साहाय्य आणि सासऱ्यांनी दिलेली रक्कम यांच्या आधारावर सुब्बाराव १९२० च्या दशकाच्या प्रारंभी बोस्टनला पोहोचले. पत्नी मायदेशीच राहिली. त्यांच्या प्रस्थानानंतर मुलगा झाला, परंतु तो तान्हेपणीच दगावला. सुब्बाराव यांना त्याचे मुखदर्शन घडले नाही. पुढे पती-पत्नीची भेटही कधी झाली नाही.

भारतातील प्रमाणपत्राच्या आधारे अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करण्याची मुभा त्यांना नव्हती. उदरनिर्वाहासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीचा परिचर म्हणून काम केले. रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करणे हा त्या कामाचा भाग होता. दिवसा अभ्यास आणि रात्री हे काम, असा क्रम त्यांनी चालू ठेवला. हार्वर्डमधून उष्ण कटिबंधीय रोगांची पदविका मिळवल्यानंतर ते तेथील जीवरसायन विभागात दाखल झाले. ऑटो फोलिन हे या विभागाचे प्रमुख होते आणि फिस्क हे सुब्बाराव यांचे मार्गदर्शक.

निळ्या रंगाची कसोटी

रक्त, मूत्र अथवा शरीरातील ऊती यांत फॉस्फरसचे प्रमाण किती आहे, हे अचूक मोजण्याची सुलभ पद्धत शोधण्याचे काम सुब्बाराव यांच्याकडे आले. या कामातून निष्पन्न झालेली पद्धत फिस्क आणि सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. तपासावयाच्या द्रावणात आम्लयुक्त मॉलिब्डेट मिसळले असता फॉस्फेटशी त्याचा संयोग होतो. त्यानंतर त्यावर एका क्षपणकारक द्रव्याची क्रिया घडवली की द्रावणाला निळा रंग येतो. फॉस्फेट जितके अधिक, तितका रंग गडद. रंगमापक यंत्राने रंगाची गडदता मोजली की फॉस्फेटचे प्रमाण कळते.

ही पद्धत फिस्क-सुब्बाराव पद्धत या नावाने जगभर रूढ झाली. जीवरसायनशास्त्राच्या अनेक पिढ्यांनी ती प्रयोगशाळेत वापरली आणि हजारो शोधनिबंधांत तिचा संदर्भ देण्यात आला. स्नायूंच्या कार्याचा शोधही याच निळ्या रंगातून लागला.

तत्कालीन समजूत

स्नायूंच्या कार्याविषयी त्या वेळी प्रचलित असलेली उपपत्ती प्रामुख्याने दोन मान्यवर शास्त्रज्ञांच्या कार्यावर आधारलेली होती. इंग्लंडचे आर्चिबाल्ड हिल यांनी स्नायूच्या आकुंचनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे अत्यंत सूक्ष्म मापन केले होते. जर्मनीचे ओटो मायरहॉफ यांनी स्नायूतील लॅक्टिक आम्ल आणि प्राणवायूचा वापर यांतील निश्चित संबंध दाखवून दिला होता. या कार्याबद्दल दोघांना १९२२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

स्नायूत साठवलेल्या ग्लायकोजेन या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि हे आम्लच स्नायूच्या आकुंचनाला कारणीभूत ठरते, असे त्या वेळी मानले जात होते. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल वाढलेले आढळे. त्यामुळे ही उपपत्ती तर्काला धरून होती आणि तिला सर्वमान्यता लाभली होती.

फॉस्फोक्रिएटिनचा शोध

फिस्क आणि सुब्बाराव यांनी आपली नवी पद्धत स्नायूच्या अर्कावर वापरण्यास प्रारंभ केला, तेव्हा एक विसंगती त्यांच्या लक्षात आली. रक्ताच्या नमुन्यात निळा रंग अपेक्षित वेळेत पूर्ण उमटत असे. स्नायूच्या ताज्या अर्कात मात्र तो सावकाश उमटे आणि बराच वेळ वाढत राही. प्रयोगातील दोष म्हणून याकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. या दोघांनी तसे केले नाही. अर्कात फॉस्फेटचे एखादे अस्थिर संयुग असावे आणि आम्लाच्या सान्निध्यात ते हळूहळू विघटित होऊन फॉस्फेट मोकळे करत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या संयुगाचा शोध घेतला असता त्यात फॉस्फेटच्या जोडीला क्रिएटिन असल्याचे आढळले. क्रिएटिन हा पदार्थ मांसाच्या अर्कातून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्येच वेगळा केला होता. स्नायूत तो एवढ्या मोठ्या प्रमाणात कशासाठी असतो, हे मात्र जवळपास शतकभर उलगडले नव्हते. १९२७ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी या संयुगाची, म्हणजेच फॉस्फोक्रिएटिनची, माहिती प्रसिद्ध केली. स्नायूतील मुक्त फॉस्फेट म्हणून आजवर जे मोजले जात होते, त्यातील बराच भाग प्रत्यक्षात या संयुगाचा होता, हे त्यातून स्पष्ट झाले.

या शोधाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मांजराच्या स्नायूवरील प्रयोगांतून पुढे आला. विद्युत उद्दीपन देऊन स्नायूला सतत आकुंचन पावण्यास भाग पाडले असता त्यातील फॉस्फोक्रिएटिन घटते आणि विश्रांती दिली असता ते पुन्हा तयार होते, असे दिसून आले. श्रमाच्या वेळी खर्च होणारा आणि विश्रांतीत भरून निघणारा साठा स्नायूतच असल्याचा हा पुरावा होता.

त्याच सुमारास लंडनमध्ये फिलिप आणि ग्रेस एगलटन या दांपत्यालाही बेडकाच्या स्नायूत असेच अस्थिर फॉस्फेट आढळले होते. त्यांनी त्याला फॉस्फाजेन असे नाव दिले. ते क्रिएटिनचे संयुग आहे, ही ओळख पटवण्याचे श्रेय हार्वर्डच्या जोडीकडे जाते.

एटीपीची ओळख

स्नायूतील फॉस्फरसयुक्त पदार्थांचा शोध पुढे चालू राहिला. १९२९ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी स्नायूतून आणखी एक संयुग वेगळे केल्याचे जाहीर केले. ॲडेनोसिन या घटकाला फॉस्फेटचे तीन गट जोडून तयार झालेला हा पदार्थ म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत मायरहॉफ यांच्या प्रयोगशाळेतील कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे हाच पदार्थ शोधून काढला. त्यामुळे एटीपीच्या शोधाचे श्रेय लोमान आणि फिस्क-सुब्बाराव यांना संयुक्तपणे देणे उचित ठरते. सुब्बाराव यांनी तो एकट्याने शोधला, असे जे कधी कधी लिहिले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही.

या शोधांनी जुन्या उपपत्तीचा पाया डळमळीत झाला. १९३० मध्ये डेन्मार्कचे आयनार लुंड्सगार्ड यांनी एका रसायनाच्या साहाय्याने स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होण्याची क्रियाच बंद पाडली. तरीही तो स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला आणि या काळात त्यातील फॉस्फोक्रिएटिन संपत गेले. लॅक्टिक आम्ल हे आकुंचनाचे कारण नव्हे, हे यातून सिद्ध झाले. स्वतः हिल यांनी हा बदल मोकळेपणाने स्वीकारला आणि स्नायुविज्ञानात क्रांती घडल्याचे १९३२ मध्ये मान्य केले. सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएच.डी. पदवी १९३० मध्ये प्राप्त झाली.

स्नायूचे कार्य कसे चालते

फिस्क आणि सुब्बाराव यांनी हे दोन पदार्थ शोधले, तरी त्यांचे परस्परांशी आणि स्नायूच्या हालचालीशी असलेले नाते उलगडण्यास पुढील तीन दशके लागली. १९३९ मध्ये सोव्हिएत संघातील एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा यांनी स्नायूतील मायोसिन हे प्रथिनच एटीपीचे विघटन घडवून आणते, असे दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा शोध लागला. मायोसिन आणि ॲक्टिन यांपासून परीक्षानळीत बनवलेल्या धाग्यांवर एटीपी घातले असता ते आखडतात, हेही तेथे दिसून आले. १९५४ मध्ये अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन गटांनी तंतू एकमेकांवरून सरकत असल्याची उपपत्ती मांडली.

आज ज्ञात असलेले चित्र पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक स्नायुतंतूत मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक सूक्ष्मतंतू एकाआड एक रचलेले असतात. त्यांच्या रचनेतील एका घटकाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी असते. मज्जातंतूकडून संदेश आला की स्नायुपेशीत कॅल्शियम मुक्त होते आणि ॲक्टिनवरील जागा मोकळ्या होतात. मायोसिनची टोके त्या जागा पकडून ॲक्टिनला आपल्याकडे खेचतात. तंतूंची स्वतःची लांबी कमी होत नाही. ते एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे संपूर्ण स्नायू आखूड होतो.

प्रत्येक खेचीनंतर मायोसिनच्या टोकाला आपली पकड सोडावी लागते. ही पकड सुटण्यासाठी त्या टोकाला एटीपीचा नवा रेणू येऊन चिकटणे आवश्यक असते. त्यानंतर त्या रेणूचे विघटन होते, त्यातील ऊर्जेने टोक पुन्हा सज्ज होते आणि पुढची खेच घेते. याचा अर्थ, स्नायूला आखडण्यासाठी जसे एटीपी लागते, तसेच सैल होण्यासाठीही लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते, त्याचे कारण हेच आहे. एटीपी संपल्यामुळे मायोसिनची पकड सुटत नाही.

असे असूनही स्नायूत एटीपीचा साठा अत्यल्प असतो. पूर्ण जोर लावल्यास तो दोन-तीन सेकंदांपुरताच ठरेल. येथे फॉस्फोक्रिएटिनचे महत्त्व लक्षात येते. एटीपीने एक फॉस्फेट गमावले की फॉस्फोक्रिएटिन आपले फॉस्फेट त्याला देऊन टाकते आणि एटीपी पुन्हा तयार होते. घरात रोजच्या खर्चासाठी हाताशी थोडे सुटे पैसे असावेत आणि ते संपताच शेजारच्या डब्यातून काढता यावेत, तशी ही व्यवस्था आहे. बस पकडण्यासाठी अचानक धावताना अथवा जड पेटी झटक्यात उचलताना पहिल्या काही सेकंदांची गरज मुख्यतः या साठ्यातून भागते. दरम्यान ग्लायकोजेनपासून एटीपी मिळू लागते आणि श्रम लांबल्यास प्राणवायूच्या साहाय्याने शर्करा व स्निग्ध पदार्थ यांच्या ज्वलनातून त्याचा पुरवठा होत राहतो. श्रम थांबल्यावर काही मिनिटांत फॉस्फोक्रिएटिनचा डबा पुन्हा भरला जातो. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत मांजराच्या स्नायूत जे दिसले होते, ते हेच.

या पदार्थाचा मागमूस प्रत्येकाच्या रक्तातही असतो. क्रिएटिन आणि फॉस्फोक्रिएटिन यांचा अल्पसा अंश दररोज क्रिएटिनिनमध्ये रूपांतरित होतो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर टाकला जातो. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास रक्तात त्याचे प्रमाण वाढते. रक्ततपासणीच्या अहवालात क्रिएटिनिनचा जो आकडा डॉक्टर प्रथम पाहतात, त्याचा उगम स्नायूंमधील या साठ्यात आहे.

ही साखळी जिवंत स्नायूत प्रत्यक्ष सिद्ध होण्यास १९६२ साल उजाडावे लागले. फॉस्फोक्रिएटिनपासून एटीपी तयार होण्याची वाट बंद केली असता आकुंचनात एटीपीच खर्च होते, हे केन आणि डेव्हिस यांनी त्या वर्षी दाखवले. तोपर्यंत सुब्बाराव यांच्या निधनाला चौदा वर्षे उलटली होती.

हार्वर्डचा निरोप

एवढे महत्त्वाचे कार्य करूनही सुब्बाराव यांना हार्वर्डमध्ये कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळाले नाही. स्नायुविषयक संशोधनाच्या निबंधांवर फिस्क यांचे नाव प्रथम असे आणि सुब्बाराव यांनीही आपल्या वाट्याच्या श्रेयासाठी आग्रह धरला नाही. त्याच विभागात विद्यार्थिदशेत काम केलेले आणि पुढे १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी याविषयी आपले मत नोंदवले आहे. सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्क यांनी प्रकाशात येऊ दिले नाहीत आणि त्यामुळे इतरांना ते नव्याने शोधावे लागले, असे हिचिंग्ज यांचे म्हणणे होते. या संदर्भात सुब्बाराव यांनी जाहीर तक्रार केल्याचे दिसत नाही.

अमेरिकेतील तत्कालीन कायद्यांचाही अडसर होता. भारतीयांना त्या देशाचे नागरिकत्व मिळू शकत नसे. हा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला, परंतु सुब्बाराव यांना अखेरपर्यंत अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले नव्हते. परदेशी म्हणूनच त्यांनी तेथे सर्व वर्षे काढली.

औषधांच्या शोधाचे पर्व

१९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत रुजू झाले आणि पुढे तेथील संशोधन विभागाचे संचालक झाले. स्नायूंच्या अभ्यासात साथीला एकच सहकारी होता. येथे मात्र रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि वैद्य यांचे मोठे पथक त्यांच्या हाताखाली होते.

यकृताच्या अर्कातील रक्तवर्धक घटकांवर ते हार्वर्डमध्ये असल्यापासून काम करत होते. त्यांच्या पथकाने १९४५ मध्ये फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश मिळवले. ज्या संग्रहणीने त्यांच्या दोन भावांचा बळी घेतला होता, त्या विकाराच्या रुग्णांना फोलिक आम्लाने गुण येतो, हे लवकरच दिसून आले. भारतात गर्भवती महिलांना लोहासह दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये आजही हेच द्रव्य असते.

फोलिक आम्लाच्या रेणूत किंचित बदल करून त्याच्या कार्याला अटकाव करणारी द्रव्येही या पथकाने बनवली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ बालकांना दिले. त्यांपैकी दहा बालकांच्या प्रकृतीत तात्पुरती, परंतु स्पष्ट सुधारणा झाल्याचा अहवाल जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगावरील औषधोपचाराच्या इतिहासात हा अहवाल मैलाचा दगड मानला जातो. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोग आणि संधिवात या दोन्हींवर आजही वापरात आहे.

हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये याच प्रयोगशाळेतून पुढे आले. भारताच्या हत्तीरोग निर्मूलन कार्यक्रमात या गोळ्यांचे सामुदायिक वाटप करण्यात येते. टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक ऑरिओमायसिन हे बेंजामिन डग्गर यांनी सुब्बाराव यांच्या संचालकपदाच्या काळात शोधले आणि १९४८ मध्ये त्याची घोषणा झाली. सुरत येथे १९९४ मध्ये प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा याच वर्गातील औषधे उपयोगी पडली.

अखेर आणि स्मृती

ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी झोपेतच हृदयविकाराने सुब्बाराव यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झाले होते. मायदेशी परतण्याचा त्यांचा विचार प्रत्यक्षात आला नाही.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बुरशीच्या एका प्रजातीला सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले आहे. याव्यतिरिक्त त्यांचे नाव प्रामुख्याने शास्त्रज्ञांच्या वर्तुळात फिस्क यांच्या जोडीने घेतले जाते.

सुब्बाराव यांच्या कार्याचे मोल सांगण्यासाठी त्यांच्या पदरी न आलेल्या पारितोषिकांची यादी करण्याची गरज नाही. तसेच इतरांनी केलेले काम त्यांच्या नावावर चढवण्याचीही आवश्यकता नाही. एटीपीच्या शोधात लोमान त्यांच्या बरोबरीने होते. एटीपी स्नायूला कसे हलवते, हे अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून उलगडले. मात्र त्या शोधमालिकेतील आरंभीचा दुवा असलेले फॉस्फोक्रिएटिन सापडले, ते परीक्षानळीतील निळा रंग उमटण्यास लागलेला विलंब गंभीरपणे घेतल्यामुळे. मॅट्रिकला दोनदा अनुत्तीर्ण झालेल्या आणि पूर्ण पदवी नाकारल्या गेलेल्या भीमवरमच्या या संशोधकाचा त्या कामात निम्मा वाटा होता. जिना चढून वर आल्यावर क्षणभर थांबून माणूस दम घेतो, तेव्हा त्याच्या मांड्यांच्या स्नायूंत फॉस्फोक्रिएटिनचा रिता झालेला साठा पुन्हा भरू लागलेला असतो. ही घडामोड प्रथम नोंदवणाऱ्यांमध्ये डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.